मराठवाड्यात मोसंबीचे वारसा उद्यान उभे राहू शकेल का?

प्रश्न: दुधनाकाठ (बदनापूर, जि. जालना)

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड या शहरात 'कॅलिफोर्निया सिट्रस स्टेट हिस्टॉरिक पार्क' नावाचे एक राज्य उद्यान आहे. संत्री आणि लिंबांच्या ज्या बागांच्या जोरावर तो सगळा प्रदेश भरभराटीला आला, त्या बागांचा इतिहास जपण्यासाठी ते 1993 साली लोकांसाठी खुले करण्यात आले. त्याबद्दल वाचताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की तेथे बाग हीच मुख्य आहे आणि संग्रहालय तिच्या सोबतीला आहे. उद्यानाचा बराच मोठा भाग आजही पाणी घेतो, फुलतो, फळतो आणि त्याची तोडणी होते. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगडी कमान, किल्ला किंवा लेणे उभे राहते. फळझाडांची ओळ हाही वारसा मानून एखादे राज्य त्यासाठी जमीन राखून ठेवते, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे जालना आणि छत्रपती संभाजीनगर हे दोन जिल्हे राज्यातील मोसंबीचे प्रमुख जिल्हे आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तसे ते बीडच्या सीताफळाला आणि मराठवाडा केशर आंब्यालाही मिळाले आहे. परंतु मानांकन फळाच्या नावाचे रक्षण करते. ज्या झाडांमुळे ते नाव झाले, त्या झाडांचे रक्षण करण्याची सोय त्यात नाही. 2012-13 च्या दुष्काळात बदनापूर, अंबड, घनसावंगी, पैठण या पट्ट्यात लोकांनी विकतच्या टँकरने पाणी घालून बागा जगवण्याची शर्थ केली. तरीही असंख्य बागा वाळल्या आणि कुऱ्हाड लावून सरपणाच्या भावाने द्याव्या लागल्या. पुढेही अवर्षणाची वर्षे येत राहिली. नव्या लागवडी झाल्या हे खरे, पण ज्या झाडांनी तीस-तीस वर्षे फळे दिली ती झाडे, त्यांचे खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळांकडचे झाड) कोणते होते, डोळे (कलमासाठी घेतलेले फांदीवरचे कोंब) कोठून आणले होते, ही सगळी माहिती त्या सरपणाबरोबर गेली.

माहिती म्हणजे कोणती, हेही स्पष्ट करतो. आंबे बहार (आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणारा फुलोरा) धरताना पाणी तोडल्यावर ताण पुरेसा बसला की नाही, हे जुनी माणसे पानांचा उतरलेला रंग आणि पानगळ पाहून ठरवत असत. काळ्या खोल जमिनीत ताण उशिरा बसतो आणि मुरमाड जमिनीत लवकर, त्यामुळे एकाच शेताच्या दोन टोकांना वेगळे धोरण ठेवावे लागे. खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करण्याची पद्धत, डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा बुरशीजन्य रोग) दिसताच साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावण्याचे काम, पावसाळ्यापूर्वी सल (वाळलेल्या फांद्या) काढणे, वाऱ्याच्या बाजूला शेवरीची ओळ लावणे, या सगळ्यांतील कितीतरी बारकावे अजून कोणी नीट लिहून ठेवलेले नाहीत. ठिबक आल्यावर आळी गेली आणि त्यांच्याबरोबर आळी ओढणारे हातही गेले.

म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते, की रिव्हरसाइडसारखे उद्यान आपल्याकडे उभे करायचे झाले तर त्यात नेमके काय जपावे? जागा कोणती योग्य ठरेल? बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र, छत्रपती संभाजीनगर शहरातील हिमायत बाग, पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान ही नावे माझ्या मनात आहेत. आणि उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी त्याची देखभाल कोणाच्या पैशातून होणार, याचा विचार आधीच कसा करावा?

उत्तर 1: परतूरकर (सध्या मुक्काम कॅलिफोर्निया)

आपण विचारलेले उद्यान मी आतून पाहिलेले आहे आणि माझे घर त्याच परिसरात असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

उद्यान सुमारे अडीचशे एकरांचे आहे आणि त्यातील जवळजवळ तीन चतुर्थांश जमिनीवर उत्पादन देणाऱ्या बागा आहेत. प्रवेशाजवळ मोठ्या संत्र्याच्या आकाराची एक टपरी आहे; पूर्वी येथील रस्त्यांच्या कडेला अशा टपऱ्यांतून ताजा रस विकला जात असे. आत एक संग्रहालय आहे आणि लिंबूवर्गीय फळांच्या शंभराच्या आसपास जातींची झाडे एकत्र पाहता येतील असा एक वेगळा भाग आहे. माहितगार स्वयंसेवक लोकांना झाडांमधून हिंडवतात आणि फळे चाखायला देतात. पिशवीभर फळे तोडून नेण्याला मात्र मनाई असते, कारण बागेची फळे बाजारात जातात आणि त्यांचे उत्पन्न बागेच्या व्यवस्थेला उपयोगी पडते. बागांची व्यवस्था एका ना-नफा मंडळाकडे आहे. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला येथे दिसते.

आता इतिहास. 1873 साली एलायझा टिबेट्स या बाईंना वॉशिंग्टनच्या कृषी खात्यातील विल्यम सॉन्डर्स यांनी बेंबीच्या संत्र्याची कलमे पाठवली. मूळ वाण ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील. फळात बी नाही, सोलायला सोपे आणि हिवाळ्यात पिकणारे. बी नसल्यामुळे या जातीची वाढ केवळ डोळे भरूनच होऊ शकते आणि म्हणून कॅलिफोर्नियातील या जातीच्या बागांची वंशावळ टिबेट्सबाईंच्या अंगणातील झाडांपाशी जाऊन पोहोचते. त्यांपैकी एक झाड रिव्हरसाइडमध्ये मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आजही जिवंत आहे. ते उद्यानात नाही, शहरातील एका छोट्याशा कुंपणात आहे, पण उद्यानाची सारी कथा त्याच्यापासून सुरू होते.

आपण डिंक्याचा उल्लेख केलात म्हणून हे आवर्जून सांगतो. या मूळ झाडालाही बुंध्याशी तोच बुरशीजन्य रोग झाला होता. 1918 साली त्याच्याभोवती निरोगी खुंटाची रोपे लावून त्यांचे शेंडे खोडात जोडण्यात आले, म्हणजे जुन्या झाडाला नवी मुळे देण्यात आली. पुढे 1951 मध्ये पुन्हा तसेच केले गेले. अलीकडे ग्रीनिंग रोग पसरवणाऱ्या सायला किडीपासून त्याला वाचवण्यासाठी त्याच्यावर जाळीचा तंबू उभारला आहे. एका झाडासाठी इतका खटाटोप करणारे लोक पाहिले, की आपल्याकडील जुन्या झाडांची आठवण येऊन मन अस्वस्थ होते.

पाण्याची गोष्टही आपल्याला जवळची वाटेल. उद्यानातून गेज कालवा जातो. मॅथ्यू गेज नावाच्या, मूळच्या सराफी व्यवसायातील माणसाने तो 1880 च्या दशकात सान्ता आना नदीचे पाणी कोरड्या माळावर आणण्यासाठी काढला. कालवा आला तेव्हा त्या माळाच्या बागा झाल्या. उद्यानाने तो कालवा लपवला नाही, प्रदर्शनाचाच भाग मानला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने पैठण, अंबड, घनसावंगीच्या शिवारात जे केले, ते सांगण्यासाठी आपल्याकडेही असेच काही असावे.

तोडणी आणि पॅकिंगची जुनी साधनेही तेथे पाहायला मिळतात. थंडीची लाट आली की बागेत पेटवायच्या तेलाच्या शेगड्या आहेत, लाकडी पेट्या आहेत आणि त्या पेट्यांवर चिकटवायच्या रंगीत छापील चिठ्ठ्या आहेत. 1950 च्या दशकात लाकडी पेट्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आली आणि त्या चिठ्ठ्यांचे काम संपले. आज त्या लोक जतन करतात. बागायतदारांनी 1893 साली एकत्र येऊन विक्रीसाठी सहकारी संघ काढला, त्याच संघाने पुढे 'सनकिस्ट' हे नाव घराघरांत नेले. या सहकाराचा भाग मराठवाड्यातील शेतकऱ्याने निवांत वाचावा असा आहे.

एका फरकाकडे मात्र लक्ष वेधतो. येथे दुसऱ्या महायुद्धानंतर बागा गेल्या त्या घरबांधणीमुळे. जमिनीची किंमत फळाच्या किमतीपेक्षा कितीतरी वाढली आणि वसाहती उभ्या राहिल्या. म्हणून जमीन राखून ठेवणे हाच येथे मुख्य उपाय होता. आपल्याकडे बागा गेल्या त्या पाण्यावाचून. केवळ जमीन राखली आणि उन्हाळ्याच्या पाण्याची हमी नसली, तर उद्यानाचीही गत तीच होईल.

उत्तर 2: फळबाग-निवृत्त (परभणी)

मी फळबाग संशोधनाच्या क्षेत्रात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. दुधनाकाठ यांच्या प्रस्तावाशी मी मनापासून सहमत आहे. परतूरकरांनी सांगितलेला फरकही अचूक आहे. पण जुनी झाडे गोळा करून एका ठिकाणी लावण्याच्या कल्पनेत एक मोठा धोका आहे आणि तो कामाला हात घालण्यापूर्वीच समजून घेतला पाहिजे.

मोसंबीच्या जुन्या झाडात ट्रिस्टेझा विषाणू किंवा ग्रीनिंगचा जिवाणू असू शकतो. झाड वरून बरे दिसत असले, तरी त्याचा डोळा नव्या खुंटावर भरला की रोगही त्याच्याबरोबर जातो. ट्रिस्टेझा मावा पसरवतो आणि ग्रीनिंग सायला पसरवते. म्हणजे गावोगावच्या झाडांचे डोळे आणून, तपासणी न करता एकाच शिवारात लावले, तर आपण वारशाचे उद्यान म्हणून रोगांचे आगर तयार करू आणि शेजारच्या निरोगी बागांनाही त्याचा उपद्रव होईल. रिव्हरसाइडचे मूळ झाड जाळीखाली का आहे, हे यावरून लक्षात येईल.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत. निवडलेल्या प्रत्येक झाडाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे हे ज्ञान आणि सामग्री आहे. झाड रोगग्रस्त निघाले तरी ते टाकून द्यावे लागत नाही. त्याच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग घेऊन प्रयोगशाळेत रोपावर जोडण्याचे तंत्र आहे, त्याने बहुतांश विषाणू मागे राहतात. अशी शुद्ध केलेली मातृवृक्षे कीटकरोधक जाळीच्या गृहात ठेवावीत आणि लोकांना पाहण्यासाठीची बाग त्यांच्यापासून तयार केलेल्या रोपांची असावी. पाहुण्यांना जी बाग दिसेल ती दुसरी पिढी असेल. पहिली पिढी जाळीमागे सुरक्षित राहील.

येथे न्युसेलर मोसंबीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्याच्या मोसंबीचा इतिहास तिच्याशिवाय अपुरा राहील. मोसंबीच्या बीमध्ये परागीकरणातून झालेल्या गर्भाखेरीज मातृपेशींपासून तयार झालेले गर्भही असतात. त्यांपासून आलेले रोप आईसारखेच असते आणि बहुतेक विषाणू त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. अशा रोपांतून निवड करून न्युसेलर मोसंबी आली, ती जोमदार निघाली आणि तिने येथील बहुतेक क्षेत्र व्यापले. म्हणून उद्यानात न्युसेलरच्या आधीची झाडे मिळतील तेवढी, न्युसेलर, राहुरीच्या विद्यापीठाची फुले मोसंबी, आणि नागपूरच्या संस्थेने पुढे आणलेली कटर व्हॅलेन्सिया ही सर्व शेजारी शेजारी दिसली पाहिजेत.

खुंटांची ओळ तर सर्वांत आधी लावावी. जंबेरी आणि रंगपूर लाईम या दोन खुंटांच्या वागण्यातला फरक मराठवाड्यातील बागायतदाराने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. भारी, चुनखडीयुक्त जमिनीत आणि पाण्याच्या ताणात रंगपूर लाईम अधिक तग धरतो, जंबेरीवरचे झाड सुरुवातीला झपाट्याने वाढते पण डिंक्याला लवकर बळी पडते. एकाच जमिनीत दोन्ही खुंटांवरची झाडे लावून वीस वर्षे सांभाळली, तर तो फरक भाषणाविना कोणालाही दिसेल.

जागेबाबत माझे मत बदनापूरच्या बाजूचे आहे, कारण तेथे मोसंबीवर काम करणारी माणसे आहेत. पैठण तालुक्यातील इसारवाडी येथे मोसंबीसाठी सिट्रस इस्टेट मंजूर आहे. रोगमुक्त रोपांचा पुरवठा आणि शेतकऱ्यांना मार्गदर्शन हे तिचे काम. वारसा बाग अशा कामाला जोडली गेली, तर रोपांच्या विक्रीतून देखभालीचा खर्च काही अंशी निघू शकतो.

कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यात राज्य शासनाला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैविक वारसा स्थळ घोषित करता येते. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला असा दर्जा मिळाला आहे आणि तेही फळसंशोधनाचेच जुने केंद्र आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या वाणांची नोंदणी 2001 च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावाने करता येते. एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड वेगळे आणि गुणी निघाले, तर त्याचे श्रेय त्याच्या घराण्याला मिळाले पाहिजे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

उत्तर 3: मोसंबीवाली (अंबड तालुका)

सर, आपण खुंटाचे लिहिले ते वाचून राहवले नाही. आमची जुनी बाग सासऱ्यांनी विहिरीच्या पाण्यावर लावली होती आणि ती रंगपूरच्या खुंटावर होती. दुष्काळात ती गेल्यावर आम्ही नव्या लागवडीसाठी एका रोपवाटिकेतून रंगपूर सांगून रोपे आणली. काही वर्षांनी बुंध्याशी डिंक गळू लागला, तेव्हा जाणकारांनी पाहून ती जंबेरीवरची असल्याचे सांगितले. मोसंबीचे झाड पाचव्या वर्षी कोठे बहार धरण्याच्या लायकीचे होते, म्हणजे फसवणूक कळेपर्यंत शेतकऱ्याच्या हातातून तेवढी वर्षे निघून गेलेली असतात. रोपाच्या वयात खुंटाची पाने आणि फुटवे ओळखता आले असते, तर हे टळले असते. म्हणून त्या उद्यानात खुंटांची रोपे प्रत्येकाला हातात घेऊन, पान चुरगाळून वास घेऊन ओळखायला शिकवणारी जागा असावी. माझ्या दृष्टीने ती संग्रहालयापेक्षा अधिक गरजेची आहे.

दुसरे म्हणजे पाण्याबद्दल. दादांनी कॅलिफोर्नियाहून पाण्याची हमी हवी असे लिहिले ते योग्यच आहे. परंतु उद्यानाला धरणाचे आरक्षित पाणी आणि शेजारच्या शेतकऱ्याला टँकर, असे दृश्य उभे राहिले तर त्या उद्यानाबद्दल गावात आपुलकी राहणार नाही. शेततळे, पावसाचे अडवलेले पाणी, झाडाखाली काडीकचऱ्याचे आच्छादन आणि मोजके ठिबक एवढ्यावर बाग उन्हाळा कशी काढते, हे त्या उद्यानाने आधी स्वतःच्या झाडांवर करून दाखवावे. कमी पाण्याच्या वर्षी एक बहार सोडून द्यायचा, फळे उतरवून टाकायची आणि झाड वाचवायचे, हा निर्णय घरातल्या माणसांच्या जिवावर येतो. तो कोणी कधी घेतला, कसा घेतला, याच्या आठवणी गोळा झाल्या पाहिजेत.

आणि त्या आठवणी विचारताना बायकांनाही विचारावे. गळलेली फळे वेचून बागेबाहेर नेणे, खुरपणी, आळ्यातले तण, तोडणीच्या वेळी फळांची प्रतवारी, ही कामे बहुतांशी आम्हीच केली. गळ कोणत्या महिन्यात वाढते, कोणत्या ओळीत फळाला पतंग डसतो, कोणत्या झाडाचे फळ पातळ सालीचे आणि अधिक रसाचे, हे रोज वाकून फळे वेचणाऱ्या बाईला मालकापेक्षा आधी कळते. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, म्हणून तिच्याकडे कोणी विचारायला येत नाही.

उत्तर 4: इतिहासशिक्षक (छत्रपती संभाजीनगर)

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडूनच लिहितो. रिव्हरसाइडच्या उद्यानातही आरंभी भर होता तो बागायतदारांच्या वैभवावर. गेल्या काही वर्षांत तेथील विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या सहकार्याने मजुरांचा इतिहास पुढे आणण्याचे काम सुरू झाले. त्या बागांत आधी चिनी मजूर होते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी झाल्यावर पुढे जपानी, कोरियन, फिलिपिनो आणि मेक्सिकन मजूर आले. कोरियाच्या स्वातंत्र्यचळवळीतील थोर नेते आन चांग-हो यांनी रिव्हरसाइडच्या संत्रीबागांत स्वतः तोडणी केली आणि तेथील कोरियन मजुरांच्या वस्तीला शिस्त आणि शिक्षण दिले. आपण जे उद्यान उभारू, त्यात मजूर आणि व्यापारी पहिल्या दिवसापासून असावेत, नंतर आठवण झाली म्हणून घातलेले नसावेत.

आपल्याकडे यात बागवान समाजाचा वाटा फार मोठा आहे. बहार झाडावर असतानाच बाग पाहून अंदाजाने सौदा करणे, तोडणीच्या टोळ्या आणणे, करंड्या भरणे, दूरच्या शहरांतील आडत्यांशी संधान ठेवणे, ही सारी विद्या त्या घरांमध्ये वडिलांकडून मुलाकडे गेली. नुसत्या नजरेने बागेत किती टन माल आहे हे सांगणारी वयस्क मंडळी जालना आणि पाचोडच्या मोसंबी बाजारात आजही भेटतात. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यासाठी उद्यानाची वाट पाहण्याचे कारण नाही. डोळे भरणाऱ्या कारागिरांचेही तसेच आहे. त्यांचे काम चित्रफितीत टिपले पाहिजे, कारण चाकूचा कोन आणि बोटांचा दाब पुस्तकात उतरत नाही.

जागेबाबत मी थोडा वेगळा विचार मांडतो. मोसंबीची झाडे आणि जाळीगृह बदनापूर परिसरात असावे, हे फळबाग-निवृत्त सरांचे मत मला मान्य आहे. परंतु इतिहासाचे दालन शहरातील हिमायत बागेत असावे असे मला वाटते. ती सतराव्या शतकातील मुघल बाग आहे, तिचे क्षेत्र तीनशे एकरांच्या घरात आहे आणि आज तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र व रोपवाटिका आहे. मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून पाणी आणणारी नहर काढली, त्या परंपरेतल्या नहरींवर येथील बागा आणि पाणचक्की चालली. पाणी आणून फळबाग करण्याची या प्रदेशातील परंपरा किती जुनी आहे, हे सांगायला त्याहून योग्य भूमी मला तरी दिसत नाही. शाळांच्या सहलीही तेथे सहज पोहोचतात. पैठणचे उद्यान विरंगुळ्यासाठी आखलेले आहे. तेथे कारंज्यांच्या शेजारी मोसंबीची चार झाडे लावली तर ती केवळ शोभेची राहतील.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: दुधनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन ठिकाणी विभागलेले उद्यान, म्हणजे झाडे बदनापूरकडे आणि दालन हिमायत बागेत, हा विचार माझ्या मनात आला नव्हता आणि तो मला पटला. ताईंची पाण्याबद्दलची अट मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच घेणार आहे. खुंट ओळखण्याची जागा ही तर संशोधन केंद्राला फार खर्चाविना लवकर सुरू करता येण्यासारखी गोष्ट आहे, त्यामुळे ती स्वतंत्रपणे आधी मागावी असे वाटते.

उद्यान होईल तेव्हा होईल, पण झाडांची यादी आताच करायला हवी, कारण पुढचा दुष्काळ आपल्या प्रस्तावासाठी थांबणार नाही. ज्यांच्या शेतात किंवा ओळखीत 2012 च्या आधीपासून उभी असलेली मोसंबीची झाडे आहेत, त्यांनी कृपया येथे लिहावे: तालुका कोणता, लागवड साधारण कोणत्या साली झाली, खुंट माहीत असल्यास कोणता, जमीन काळी की मुरमाड, आणि त्या दुष्काळात झाडाला पाणी कोठून मिळाले. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक किंवा दूरध्वनी क्रमांक येथे उघडपणे देऊ नये. ज्या झाडावर सध्या डिंक्या दिसत असेल, त्याच्या बुंध्याचे छायाचित्र कलमाचा जोड दिसेल असे जवळून काढून पाठवावे. फळबाग-निवृत्त सरांना विनंती आहे, की या झाडांचे डोळे किंवा पाने तपासणीसाठी पाठवायची झाल्यास ती कोणत्या महिन्यात घ्यावीत आणि वाटेत सुकू नयेत म्हणून कशी बांधावीत, हे आंबे बहाराचा ताण सुरू होण्यापूर्वी सविस्तर लिहावे.

उत्तर 5: फळबाग-निवृत्त (परभणी)

अवश्य लिहितो. तोपर्यंत एवढेच करावे, की निवडलेल्या झाडावरून कोणीही परस्पर डोळे काढू नयेत, झाडाच्या खोडाला जोडाच्या वर खूण म्हणून रंगाचा पट्टा द्यावा आणि यंदाच्या बहाराच्या फळांपैकी काही फळे वजन, सालीची जाडी व बियांची संख्या नोंदवण्यासाठी पूर्ण पक्व होईपर्यंत झाडावर ठेवावीत. एकाच झाडाची निदान दोन बहारांची नोंद हाती असल्याशिवाय त्याला गुणी म्हणता येत नाही.